पडद्यावर काहीच हलत नाही तेव्हा



या व्यासपीठावरून आजवर इतिहास झाला, सहकार झाला, संतसाहित्य तर दर दोनतीन वर्षांनी होतंच. सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकांची भाषा हा विषय मी कळवला तेव्हा संयोजकांचा लगेच फोन आला, "ताई, लोकांना झेपेल ना?" झेपेल. बँकेच्या ॲपवर 'व्यवहार प्रक्रियेत आहे' एवढंच वाचून, पैसे गेले की राहिले याचा घोर लावून घेतलेल्या प्रत्येकाचा हा विषय आहे.

मी पुण्यात हेच काम करते. प्रोग्रामर मंडळी जे बनवतात ते बसवायचं कसं, चालवायचं कसं आणि बिघडलं तर काय करायचं, हे लिहून काढणं हा माझा व्यवसाय. आमच्यात त्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात, रोजच्या बोलण्यात नुसतं 'डॉक्स'. बाहेरच्यांची समजूत अशी, की इंजिनिअरने लिहिलेल्या मजकुराचं व्याकरण तपासायचं, लांब वाक्यं तोडायची, अवघड शब्द काढून सोपे घालायचे, झालं काम. आतल्याही बऱ्याच जणांची समजूत हीच आहे. मला आज सांगायचं आहे ते जरा वेगळं आहे. डॉक्समधलं वाक्य अस्पष्ट राहतं ते बहुतेक वेळा लिहिणाऱ्याची भाषा कच्ची म्हणून राहत नाही. एखादा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो, किंवा विचारलेला असतो पण त्याचा निर्णय झालेला नसतो, म्हणून राहतं. अशा वाक्यातले शब्द कितीही घासूनपुसून घेतले तरी ते स्पष्ट होत नाही. उठून कुणाच्या तरी टेबलापाशी जावं लागतं.

एक खरी घटना सांगते, आणि सविस्तर सांगते, कारण तिच्यात पुढचं बरंचसं आलेलं आहे.

३१ जानेवारी २०१७ ची रात्र. गिटलॅब ही कंपनी प्रोग्रामरांना आपला कोड ठेवायला आणि एकत्र काम करायला जागा देते. त्यांचा सगळा हिशोब पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये होता. सर्व्हर दोन. एक मुख्य, आणि दुसरा मुख्य सर्व्हरची जिवंत प्रत राखणारा. त्या संध्याकाळी मुख्य सर्व्हरवर अचानक ताण वाढला आणि दुसरा मागे पडू लागला. तो इतका मागे पडला, की आता त्याला पहिल्यापासून प्रत काढून देण्यावाचून मार्ग नव्हता. त्याची रीत ठरलेली आहे. दुसऱ्या सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी रिकामी करायची आणि 'पीजी बेसबॅकअप' ही आज्ञा द्यायची. ती मुख्य सर्व्हरकडून सगळा डेटा ओढून आणते.

इंजिनिअरने आज्ञा दिली. आधी जोडण्यांच्या संख्येवरून तक्रारी आल्या, त्या त्याने मिटवल्या. पुन्हा आज्ञा दिली. आता तक्रार नाही, पण दुसरंही काही नाही. पडद्यावर एक ओळ उमटेना. आज्ञा संपेना, चूक दाखवेना, प्रगती दाखवेना. रात्र बरीच झाली होती आणि खरं तर तो त्याआधीच काम थांबवून झोपायला जाणार होता. त्याने तर्क केला, की आधीच्या फसलेल्या प्रयत्नांत काहीतरी अर्धवट फाइली तयार झाल्या असतील आणि त्या आडव्या येत असतील. डिरेक्टरी पुन्हा पुसून टाकावी. पुसण्याची आज्ञा त्याने दिली, आणि एकदोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, की आपण दुसऱ्या सर्व्हरवर नसून मुख्य सर्व्हरवर आहोत. त्याने ती थांबवली तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी शिल्लक होते.

पुढची कथा गिटलॅबने स्वतःच जाहीर केली, डेटा परत आणण्याचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, आणि नंतर सविस्तर अहवाल लिहिला. त्यांच्या या मोकळेपणाचं कौतुक करायलाच हवं. आपल्याकडे अशा वेळी 'तांत्रिक कारणास्तव' या दोन शब्दांत सगळं गुंडाळतात. नशिबाने सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी काढलेली एक प्रत सापडली. तीवरून सेवा सुरू व्हायला सुमारे अठरा तास लागले. मधल्या सहा तासांतल्या नोंदी मात्र गेल्या. कंपनीच्या अंदाजाने सुमारे ५,००० प्रकल्प, तितक्याच प्रतिक्रिया आणि नव्याने उघडलेली ७०० खाती.

आता त्या अहवालातली माझ्या कामाची ओळ. तिचा आशय असा, की पीजी बेसबॅकअपचं ते गप्प बसणं हा बिघाड नव्हताच. मुख्य सर्व्हर डेटा पाठवायला तयार होईपर्यंत ती आज्ञा निमूट थांबते, हे तिचं नेहमीचं वागणं. पण ही गोष्ट ना कंपनीच्या आतल्या टिपणांत स्पष्ट लिहिलेली होती, ना पोस्टग्रेसच्या अधिकृत पानावर. दुसऱ्या एका सहकाऱ्याला ती माहीत होती, पण त्या वेळी तो तिथे नव्हता.

थांबते का, तेही सांगते, म्हणजे ही लपवाछपवी नव्हती हे कळेल. प्रत काढायला सुरुवात करण्यापूर्वी मुख्य सर्व्हरला आपल्या स्मृतीतले बदल एका ठरलेल्या बिंदूपर्यंत डिस्कवर उतरवावे लागतात. त्याला चेकपॉइंट म्हणतात. हे काम एकदम केलं तर चालू वापरकर्त्यांना सर्व्हर संथ वाटेल, म्हणून एरवी ते मुद्दाम सावकाश केलं जातं. म्हणजे ज्या शांततेने त्या इंजिनिअरचा घात केला, ती शांतता कुणीतरी दुसऱ्या वापरकर्त्यांच्या सोयीसाठी विचारपूर्वक ठेवलेली होती.

आता भाषेचा जाणकार म्हणून ते जुनं पान वाचा. पोस्टग्रेसचे डॉक्स आमच्या धंद्यात उत्तम मानले जातात आणि ते पानही उत्तम होतं. प्रत्येक पर्याय दिलेला, प्रत्येक वाक्य बरोबर, इंग्रजी नितळ. संपादकाला लाल शाई लावायला जागा नाही. नव्हतं ते एकच वाक्य: आज्ञा दिल्यावर काही काळ पडद्यावर काहीही दिसणार नाही, घाबरू नका, ती वाट पाहते आहे. हे वाक्य व्याकरण तपासून सापडत नाही. 'ही आज्ञा दिल्यानंतर पहिली पाच मिनिटं समोरच्या माणसाला काय दिसतं?' असं कुणीतरी विचारावं लागतं. लिहिणाऱ्याला उत्तर पाठ होतं. म्हणूनच प्रश्न त्याला सुचला नाही.

आज ते पान उघडलंत तर सुरुवातीला चेकपॉइंट होतो, त्याला वेळ लागू शकतो आणि तोवर आज्ञा निष्क्रिय वाटेल, असं तिथे सांगितलेलं दिसेल. शिवाय तपशील दाखवण्याचा पर्याय दिला तर आज्ञा स्वतःच पडद्यावर सांगते, की मी चेकपॉइंट पूर्ण होण्याची वाट पाहते आहे. या एका वाक्याने अपघात टळला असता असं मात्र मी म्हणणार नाही. गिटलॅबच्या रोजच्या बॅकअपा आवृत्तीच्या घोळामुळे होतच नव्हत्या, आणि त्या फसल्याच्या ईमेल सूचना समोरचा मेलसर्व्हर परतवून लावत होता. अपघाताला सहसा एकच बाप नसतो. पण माणसाने चुकीचा तर्क कुठे केला ते ठिकाण नेमकं सांगता येतं, आणि त्या ठिकाणी एक वाक्य नव्हतं.

हे झालं न लिहिलेल्या वाक्याचं. लिहिलेलं असून न उलगडणाऱ्या वाक्याचं उदाहरणही पोस्टग्रेसच्याच घरचं आहे.

कोणताही डेटाबेस डिस्कवर लिहितो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम ते लगेच डिस्कवर नेत नाही. आधी स्मृतीत ठेवते, सवडीने उतरवते. 'आत्ताच्या आत्ता उतरव आणि उतरल्यावर सांग' असं म्हणायची एक सोय आहे, तिचं नाव एफसिंक. बँकेतला तुमचा व्यवहार पक्का झाला असं संगणक म्हणतो तेव्हा त्यामागे कुठेतरी असंच एखादं कार्य यशस्वी झालेलं असतं. आता हे एफसिंक अयशस्वी झालं तर? पॉसिक्स या मानकातलं वाक्य सांगतं, की अशा वेळी बाकी राहिलेली कामं पूर्ण झाली असतील याची हमी नाही. वाक्य सोपं आहे, खरं आहे आणि कुणाच्याही डोळ्यांत खुपणार नाही. पण मग करायचं काय? पुन्हा एफसिंक म्हटलं तर राहिलेला डेटा पुन्हा उतरवला जातो का?

पोस्टग्रेसवाल्यांनी वर्षानुवर्षं 'जातो' असं धरलं होतं. २०१८ च्या मार्चमध्ये त्यांच्यातल्या एका विकासकाने जाहीर चर्चेत मांडलं, की लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर तसं होत नाही. लिहिणं एकदा फसलं, की लिनक्सचा गाभा स्मृतीतल्या त्या डेटावरची 'अजून उतरवायचं आहे' ही खूण काढून टाकतो. दुसऱ्यांदा एफसिंक म्हटलं की उतरवायला काही राहिलेलंच नसतं, म्हणून उत्तर येतं: यशस्वी. डेटा डिस्कवर नाही, आणि डेटाबेस समजतो की आहे. लिनक्सवाल्यांचं म्हणणंही अडाणीपणाचं नव्हतं. कुणी यूएसबी ड्राइव्ह काम चालू असताना उपटून नेला, तर त्याचा न उतरलेला डेटा संगणकाने स्मृतीत किती काळ सांभाळायचा? वाद मोठा झाला. शेवटी फेब्रुवारी २०१९ मध्ये पोस्टग्रेसने आपलं वागणं बदललं. आता एफसिंक फसलं, की तो पुन्हा प्रयत्न करत नाही. सरळ स्वतःला बंद पाडतो आणि आपल्या नोंदवहीवरून सगळं नव्याने उभं करतो.

'हमी नाही' हे वाक्य चुकीचं होतं का? मुळीच नाही. ते अपुरं होतं, आणि अपुरं राहिलं कारण त्याच्यामागच्या प्रश्नावर दोन्हीकडच्या लोकांनी कधी समोरासमोर बसून बोलणंच केलं नव्हतं. एखादा भाषापंडित बोलावून ते वाक्य सुधारून घेतलं असतं, तर अधिक सुबक शब्दांत तेवढंच अज्ञान मिळालं असतं.

म्हणून माझ्या कामात मी काही शब्दांवर डूख धरून असते. 'योग्य', 'पुरेसं', 'आवश्यकतेनुसार', 'काही वेळाने'. हे शब्द दिसले, की तिथे कुणाचा तरी निर्णय व्हायचा राहिला आहे असं खुशाल समजावं. मसुद्यात वाक्य असतं, 'सर्व्हरला पुरेशी मेमरी द्या.' मग संवाद साधारण असा होतो.

"पुरेशी म्हणजे किती रे?"

"ते डिपेंड करतं, मॅडम."

"कशावर?"

"एका वेळी किती युजर येतात त्यावर."

"शंभर आले तर?"

"आठ जीबी बास."

"आणि आठ नसली तर? हळू चालतं, की बंद पडतं?"

यावर तो खुर्ची मागे सरकवतो. "बंद पडलं तर अर्धवट लिहिलेली फाइल राहते का… ते बघायला लागेल."

बघितल्यावर बहुधा प्रोग्रामच दुरुस्त करावा लागतो. वाक्याचं नंतर बघू.

आणखी एक वाईट खोड कर्त्याची. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको, कारण आपल्या सरकारी मराठीने कर्ता नाहीसा करण्याची कला परमोच्च बिंदूला नेली आहे. 'कार्यवाही करण्यात यावी.' कुणी? 'अर्ज निकाली काढण्यात आला आहे.' कुणी, कशाच्या आधारे? इंग्रजी डॉक्सही याच वळणावर जातात. समजा लिहिलं आहे, 'तीस दिवसांनंतर जुन्या नोंदी काढून टाकल्या जातात.' वाचणाऱ्याला कळत नाही, की ते आपोआप होतं की आपण करायचं आहे. तीस दिवस नोंद झाल्यापासून, की तिला शेवटचा हात लागल्यापासून? काढून टाकलेलं परत मिळतं का? आता हेच असं लिहा: 'नोंद शेवटची बदलल्याला तीस दिवस झाले, की त्या रात्री सर्व्हर ती कायमची पुसतो. तुम्हाला काही करावं लागत नाही आणि ती परत मिळवता येत नाही. ठेवायची असेल तर त्याआधी निर्यात करून घ्या.' शब्द तिपटीहून जास्त झाले. तरी मी हेच घेईन. 'कमी शब्द म्हणजे स्पष्ट' हा आमच्या धंद्यातला सध्याचा भाबडा धर्म आहे आणि तो मला पटत नाही. अर्ध्या ओळीच्या गूढ वाक्याने वाचकाचे दोन तास खाल्ले, तर बचत कुणाची झाली?

सक्ती किती आणि सल्ला किती, हा प्रश्नही असाच निर्णयाचा आहे. इंटरनेट ज्या नियमांवर चालतं ते नियम 'आरएफसी' नावाच्या क्रमांक दिलेल्या टिपणांत लिहिलेले आहेत. पहिलं टिपण एप्रिल १९६९ चं, स्टीव्ह क्रॉकर यांनी लिहिलेलं. ही टिपणं वाचून वेगवेगळ्या देशांतले, एकमेकांचं तोंडही न पाहिलेले लोक यंत्रं बनवणार, आणि ती यंत्रं एकमेकांशी बोलायला हवीत. तेव्हा 'असं करावं' याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या सोयीने घेतला तर संपलंच. मार्च १९९७ मध्ये स्कॉट ब्रॅडनर यांच्या आरएफसी २११९ ने यावर जालीम उपाय केला. मस्ट, शुड आणि मे अशा मोजक्या शब्दांचे अर्थ खिळे ठोकून पक्के केले. मस्ट म्हणजे सुटका नाही. मे म्हणजे तुमची मर्जी. मला सगळ्यात आवडते ती शुडची व्याख्या. विशिष्ट परिस्थितीत हा नियम न पाळण्याला रास्त कारण असू शकेल, पण परिणामांचा पूर्ण विचार करूनच तसं करा, असा तिचा आशय. म्हणजे सल्ला देणाऱ्याने नुसता सल्ला दिला नाही. तो मोडायचा असेल तर काय करायचं तेही सांगितलं. गंमत अशी, की मोठ्या लिपीतला मस्ट आणि साधा बोलण्यातला मस्ट यांत लोकांचा गोंधळ होतच राहिला, आणि २०१७ मध्ये आरएफसी ८१७४ काढून सांगावं लागलं, की शब्द मोठ्या लिपीत असेल तरच तो पारिभाषिक, एरवी आपला नेहमीचा.

आपल्या मराठीत हे जास्त जपावं लागतं. 'फाइल जतन करावी' यात विनंती आहे, सल्ला आहे, की हुकूम? मराठीत सूचना लिहिणाऱ्यांनी 'करावी'ला सुट्टी द्यावी, असं माझं मत आहे. सक्ती असेल तर 'करा, नाहीतर अमुक होईल', ऐच्छिक असेल तर 'केलं तर अमुक फायदा' असं लिहावं. ते आदबशीर वाटणार नाही. चालेल.

'फक्त', 'सहज', 'नुसतं' हे शब्द मी न विचारता उडवते. 'फक्त पाथ सेट करा' असं वाचून ज्याला ते जमत नाही, त्याला सॉफ्टवेअरऐवजी स्वतःची लाज वाटू लागते. याहून जास्त यावर बोलण्यासारखं काही नाही.

एकाच वस्तूला अनेक नावं, हा दुसरा रोग. गिट हे साधन लिनस टॉरवल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलं आणि आज जगातला बहुतेक कोड त्यात राहतो. त्यात पुढच्या नोंदीसाठी बदल जमवून ठेवायची एक जागा आहे. तिला कुठे 'इंडेक्स' म्हटलं आहे, कुठे 'कॅश', कुठे 'स्टेजिंग एरिया'. शिकणाऱ्याला वाटतं या तीन जागा आहेत. उलट 'चेकआउट' ही एकच आज्ञा शाखाही, म्हणजे कामाची वेगळी वाटही, बदलायची आणि फाइलीतले न नोंदलेले बदलही पुसायची. नवखे लोक शाखा बदलायला जाऊन दिवसभराचं काम घालवून बसत. त्या आज्ञेचं पान कितीतरी वेळा सुधारलं गेलं असेल. खरा फरक पडला तो ऑगस्ट २०१९ च्या आवृत्तीत, जेव्हा 'स्विच' आणि 'रिस्टोअर' अशा दोन वेगळ्या आज्ञा आल्या. जे एका वाक्यात सांगता येत नव्हतं ते दोन कामं होती, हे मान्य करायला चौदा वर्षं लागली.

आता एक जड उदाहरण. ते टाळलं असतं, पण चूक दाखवणारा संदेश हाही डॉक्सचाच भाग आहे हे दुसऱ्या कशाने इतकं पटत नाही. थेरॅक-२५ हे कॅन्सरवर किरणोपचार करणारं, संगणकाने चालणारं कॅनडात बनलेलं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्राणघातक म्हणावी इतकी जास्त मात्रा दिली. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या अपघातांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला तो आमच्या क्षेत्रात सगळ्यांनी वाचावा असा आहे. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर इथे एका रुग्णाला १८० रॅडची मात्रा द्यायची होती. चालिकेने किल्ली दाबली, यंत्र थांबलं आणि पडद्यावर आलं, 'मालफंक्शन ५४'. पुढे चालू ठेवायचं असेल तर एकच किल्ली दाबायची सोय होती. असे थांबे त्या यंत्रावर रोजचे होते आणि त्यांतून कधी इजा झाली नव्हती. तिने किल्ली दाबली. त्या रुग्णाला मिळालेली मात्रा नंतर हजारो रॅडमध्ये मोजली गेली. काही महिन्यांत तो गेला.

मालफंक्शन ५४ म्हणजे काय? यंत्रासोबत दिलेल्या चालकपुस्तिकेत या क्रमांकांचा उल्लेखच नव्हता. इतरत्र जे स्पष्टीकरण सापडलं त्यात एवढंच होतं, की हा 'डोस इनपुट २' प्रकारचा दोष. त्याचा खरा अर्थ पुढे कळला तो असा, की दिलेली मात्रा खूप जास्त किंवा खूप कमी झाली आहे. दोन्हीला एकच क्रमांक! मूळ दोष प्रोग्राममध्ये होता, वेगाने दुरुस्त्या टंकल्या की यंत्र चुकीच्या अवस्थेत जाई, आणि आधीच्या यंत्रांतली सुरक्षेची स्वतंत्र यांत्रिक कुलपं या यंत्रात काढून टाकलेली होती. पण त्या खोलीबाहेर बसलेल्या चालिकेपाशी निर्णय घ्यायला एक शब्द आणि एक आकडा एवढंच होतं. तो क्रमांक ठरवणाऱ्याला 'हे वाचून समोरचा माणूस पुढे काय करील?' असं एकदा जरी विचारावंसं वाटलं असतं, तर 'जास्त' आणि 'कमी' यांना एकाच खणात कोंबायचं धाडस त्याला झालं नसतं.

वाचणारा कोण, हा प्रश्न विमानवाल्यांनी आमच्या आधी मनावर घेतला. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिका इंग्रजीत, आणि देखभाल करणारे जगभरचे, बहुतेकांची मातृभाषा दुसरीच. म्हणून युरोपातल्या विमान उद्योगाने १९८० च्या दशकात एक बांधीव इंग्रजी तयार केलं. एका शब्दाला एक अर्थ, सूचनेचं वाक्य वीस शब्दांच्या आत, अट आधी आणि कृती नंतर. हे शेवटचं फार मोलाचं आहे. 'लाल बटण दाबा, जर दिवा बंद असेल तर' असं लिहिलंत तर बटण दाबून झालेलं असतं. हिंजवडीत आणि मगरपट्ट्यात बसून रोज इंग्रजी डॉक्स वाचणारी आपली हजारो मुलंमुली याच वाचकवर्गातली आहेत. त्यांना इंग्रजी येतं. पण रात्री दोन वाजता, ग्राहक फोनवर असताना, दुसऱ्याच्या भाषेतलं तिहेरी नकाराचं वाक्य सोडवायला कुणालाही जड जातं.

डॉक्स कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही, हेही आता जुनं ज्ञान आहे. आयबीएममध्ये जॉन कॅरोल यांनी १९८० च्या दशकात नव्याने संगणक शिकणाऱ्यांना बसवून पाहिलं. माणसं पुस्तिका बाजूला ठेवतात आणि थेट काम करायला जातात, मग अडकतात, मग मधलंच पान उघडतात. कॅरोल यांनी पुस्तिका छाटली, चुका झाल्यावर सावरायचं कसं याला जागा दिली, आणि लोक लवकर शिकले. आमच्याकडे मात्र अजूनही पहिलं प्रकरण 'ओळख' असतं आणि त्यात कंपनीची स्तुती असते.

आता यंत्रच मजकूर लिहून देतं, मग तुमची गरज काय, असं मला हल्ली प्रत्येक लग्नात विचारतात. यंत्र सुरेख लिहितं, माझ्यापेक्षा लवकर लिहितं. पण 'पुरेशी मेमरी द्या' हे वाक्य ते आणखी गोड करून देतं, खुर्ची मागे सरकवायला लावत नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर कोडमध्येही नाही आणि कुणाच्या डोक्यातही अजून नाही, तिथे ओघवतं वाक्य मिळालं की भोक बुजल्यासारखं वाटतं. याची मला जास्त धास्ती आहे. खडबडीत वाक्य निदान अडखळवतं तरी.

अडखळवणारी गोष्ट मुद्दाम छापण्याची एक जुनी रीतही आहे. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली मार्गदर्शिका नोव्हेंबर १९७१ ची, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांची. तिच्यातल्या पानांचा साचा आजही वापरात आहे: नाव, वापराची रीत, वर्णन, आणि खाली एक मथळा, 'बग्ज'. म्हणजे या आज्ञेत आम्हाला ठाऊक असलेल्या खोडी. आपल्याच वस्तूची खोड आपल्याच पुस्तिकेत छापायची! आज एखाद्या कंपनीत असा मथळा सुचवून बघा. विक्रीवाले म्हणतात 'मर्यादा' लिहा, वकील म्हणतात 'ज्ञात बाबी' लिहा, आणि तीन बैठकांनंतर ते पान वेगळ्या कोपऱ्यात जातं. माझ्या मते तो मथळा हा डॉक्सच्या इतिहासातला सगळ्यात शहाणा शोध आहे. खोड लिहायला बसलेल्या माणसाला ती नेमकी कधी होते हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवता ठरवता निम्म्या वेळा ती दुरुस्तच होते.

आपल्या राज्यात आता सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शाळा-कॉलेजांचे प्रवेश, पीकविमा सगळं पोर्टलांवर आलं आहे. म्हणजे मराठीतले सगळ्यात जास्त वाचले जाणारे डॉक्स आज कुठल्या कंपनीत लिहिले जात नाहीत, ते या पोर्टलांवरच्या सूचना आहेत. तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रात मी एक वही पाहिली. केंद्र चालवणाऱ्या मुलाने स्वतःसाठी ठेवलेली. पडद्यावर येणारा संदेश जसाच्या तसा डावीकडे, आणि त्याचा खरा अर्थ उजवीकडे. 'माहिती अपूर्ण' असं आलं तर माहिती पूर्णच असते, फोटो मोठा झालेला असतो, लहान करून टाका. नावात पूर्णविराम असेल तर अर्ज पुढे जात नाही, चूक मात्र जन्मतारखेची दाखवतो. अमुक दाखला सकाळी अकराच्या आत भरा, नंतर पान अर्धवट उघडतं. तारखा घातलेल्या, सुधारणा झाली की जुनी नोंद खोडलेली.

त्या मुलाला तांत्रिक लेखन हा शब्द माहीत नव्हता. पण कोणता संदेश नेमका कधी येतो, तो पाहून माणूस काय समजतो आणि खरं काय करायला हवं, हे तीनही प्रश्न त्याने प्रत्येक ओळीला विचारलेले होते. पोर्टल बनवून घेणाऱ्या खात्यांकडे निविदेत 'वापरकर्ता पुस्तिका' असं एक कलम असतं. ठेकेदार पडद्यांची चित्रं चिकटवून ते कलम पूर्ण करतो आणि बिल काढतो. त्या कलमात एक ओळ वाढवता येईल: पोर्टल सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी पाचपंचवीस सेवा केंद्रांतल्या अशा वह्या गोळा करायच्या, त्यांतली प्रत्येक नोंद एकतर प्रोग्राममध्ये दुरुस्त करायची किंवा पुस्तिकेत छापायची, आणि वही लिहिणाऱ्याला तिचे पैसे द्यायचे. खर्च फार येणार नाही. श्रोत्यांत कुणी अशा खात्यातले असतील तर व्याख्यानानंतर मला जरूर भेटावं. कलमाचा मसुदा मी लिहून आणला आहे, आणि त्यात 'योग्य' हा शब्द एकदाही नाही.